मोहरीलबाईंचं तळं

मोहरीलबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या विहिरीत निम्म्या वाकलेल्या होत्या. मेहकरच्या मुलींच्या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून माझा तो पहिलाच दिवस. घंटेला अजून अर्धा तास होता, आवारात चिटपाखरू नव्हतं, आणि विहिरीच्या काठावर पोट टेकवून चाळिशी उलटलेली एक नऊवारीतली बाई आत डोकावत होती. पाय जमिनीवरून सुटल्यासारखे दिसले. मी पिशवी टाकली, धावत गेले आणि मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"सोड व!" त्या आतूनच ओरडल्या. आवाज विहिरीत घुमून वर आला. "जीव देऊन नाही राह्यली मी. पाणी मोजून राह्यली."

त्यांच्या हातात एक लांब सुतळी होती. टोकाला दगड, आणि हात-हात अंतरावर गाठी. त्यांनी ती वर ओढली, ओली जागा बोटांनी मोजली, कमरेला खोचलेल्या वहीत आकडा लिहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"कालच्यापेक्षा चार बोटं खाली. त्यातलं एखादं बोट तुह्यामुळं चुकलं असन. नवीन मास्तरीण का तू? कुठली?"

"अमडापूरची."

"मंग बरं हाय. तुले समजावून सांगा नाही लागत."

काय समजावून सांगावं लागत नाही, ते त्या बोलल्या नाहीत. मला ते फार उशिरा कळलं.

संयुक्त महाराष्ट्र होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. शाळेत आम्ही शिक्षिका पाचच. मोहरीलबाई शास्त्र शिकवायच्या. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्यात एक तराजू, दोन भिंगं, काही बाटल्या. मुलगी कोणतंही विधान करो, बाईंचा प्रश्न एकच असे, "मोजलं का?" आज फार ऊन आहे असं कोणी म्हटलं तरी, "मोजलं का?" एकदा हेडमास्तर वर्गात येऊन, या मुली फार हुशार आहेत, असं कौतुकानं म्हणाले, तर बाईंच्या तोंडून सवयीनं तेच निघालं. मुली आठवडाभर हसत होत्या.

मला राहायला जागा हवी होती. गावात एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. बाई बालाजीच्या देवळामागं दोन खोल्यांत राहायच्या. एक त्यांनी मला दिली. ही गोष्ट शाळेत कळली तेव्हा एका वयस्क शिक्षिकेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "जपून राहा. नवऱ्यानं टाकलेली बाई आहे ती."

ते खरं होतं. बाईंचा नवरा नागपुरात होता, दुसरा संसार करून. जाताना पाच वर्षांच्या मुलीलाही घेऊन गेला होता. मुलीचं नाव सुधा. बाई कुंकू लावत, पण संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की आमच्या दाराशी येणाऱ्या बायका फक्त मला बोलावून जात. पहिल्या वर्षी मी जायला नकार दिला, तर बाई रागावल्या. "जा. तिळगूळ घेऊन ये, मलेही खाता येईन." मी परत आले तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "टाकलेली म्हन्तेत ना मले? टाकलेली नाही मी. मी उरलेली हाय. सगळे गेले आन् मी उरली. त्यात फरक हाये."

मी तिळगूळ त्यांच्या हाताशी ठेवला. तव्यावरची भाकरी फुगली, त्यांनी ती माझ्या ताटात वाढली.

त्या वर्षी आम्ही मुलींची सहल लोणारला नेली. एसटीतून उतरून काठावर गेलो आणि खाली ते प्रचंड गोल, हिरवट पाणी दिसलं तेव्हा चाळीस मुलींनी एकमेकींचे हात धरले. बाईंनी सांगितलं, की कोणी म्हणतं जमिनीतून आग वर आली, कोणी म्हणतं आभाळातून दगड पडला, विद्वानांचं अजून एकमत नाही.

"बाई, तुमाले काय वाटते?" एकीनं विचारलं.

"मले वाटून काय उपयोग? मोजा लागते."

मुली खाली देवळं पाहत पांगल्या. बाई पाण्याशी गेल्या, बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि हसल्या. तसं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. त्यांचं माहेर संग्रामपूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिकडे विहिरीचं पाणी इतकं खारट की डाळ शिजत नाही; गोड पाण्यासाठी बायका कोसभर चालतात. लहानपणी त्या डोळे मिटून, नुसत्या चवीवरून सांगत, हे कोणत्या विहिरीचं पाणी.

"असंच एक तळं हाय माह्याजवळ," त्या म्हणाल्या. "पण अथी नाही. लय दूर हाय. चिठ्ठी पोचाले अकरा वर्षं लागतेत."

मला वाटलं, उन्हानं त्यांना काहीतरी झालं.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी ट्रंक उघडली आणि चार जाड वह्या काढल्या. शाळेच्या वह्या, वर 'शास्त्र' असं लिहिलेलं. मजकूर फक्त उजव्या पानावर, डावं पान कोरं. डावं पान चुका सुधारायला, असा त्यांचा नियम. त्या वह्यांत बाईंची कादंबरी होती. नऊ वर्षांपासून त्या लिहीत होत्या आणि माझ्याआधी एकाही माणसाला ते माहीत नव्हतं.

तेव्हा मासिकांत अधूनमधून चंद्रावर जाणाऱ्या, मंगळावर उतरणाऱ्या गोष्टी येत. बाई त्या वाचनालयातून आणून बारकाईनं वाचत आणि चिडत. "इतके लोक इतके दिवस यानात बसून जातेत, पण भाकरी कोण करते, हे कोणी लिहतच नाही. पाणी कुठून येते? सांडपाणी कुठं जाते? बाई असली तं ती शास्त्रज्ञाची बायको, आन् तिचं काम म्हन्जे भेव लागलं का ओरडनं."

बाईंच्या कादंबरीत दूरच्या एका ग्रहावर माणसं वस्तीला जातात. ग्रहावर एकच तळं, आणि तेही मचूळ. म्हणून सरकार माणसं निवडतं ती खारपाणपट्ट्यातली, कारण खाऱ्या पाण्यासोबत जगायची सवय त्यांनाच. ते ज्वारी लावतात, घरं बांधतात. दोन पिढ्यांनी पाणी आणखी खारट होत जातं आणि शेवटी सगळ्यांना परत न्यायला यान येतं. पण पाणी पुढेमागे निवळलं तर कळायला हवं, म्हणून रोज पाणी मोजायला कोणीतरी एकानं मागं थांबायचं असतं. गिरजा नावाची बाई थांबते. तिची लहान मुलगी यानातून जाते. तिथून पृथ्वीवर निरोप पोचायला अकरा वर्षं लागतात, आणि उत्तर यायला आणखी अकरा. मुलीची चिठ्ठी येते, 'मी नऊ वर्षांची झाली.' गिरजा हिशेब करते, म्हणजे आता वीस. तिचं लग्न झालं असेल, किंवा नसेल. मग ती वीस वर्षांच्या मुलीला उत्तर लिहायला बसते आणि तिच्या लक्षात येतं, की हे वाचणारी मुलगी एकतीस वर्षांची असणार.

बाई हे वाचत होत्या ते सगळं वऱ्हाडीत. निवेदनही, बोलणंही. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मी भिंतीला टेकून बसायची आणि त्या वाचायच्या. मी कॉलेजात पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या होत्या. पण एका दुपारी गिरजा तळ्यावरून परत येते, चूल पेटवते आणि चुकून दोन ताटं घेते, ते ऐकताना मी तोंडाला पदर लावून उठून बाहेर गेले. परत आल्यावर विचारलं, "बाई, ही चिठ्ठी लिहिणारी मुलगी म्हणजे तुमची सुधाच ना?"

बाईंनी वही मिटली. "नाही," त्या म्हणाल्या. "गिरजाची पोरगी चिठ्ठ्या लिहते."

त्यानंतर मी तसलं काही विचारलं नाही. तीन वर्षं मी त्या घरात राहिले. शेवटचं प्रकरण त्यांनी माझ्यासमोर लिहिलं, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं.

मग माझं लग्न ठरलं. नवरा पुण्यात बँकेत कारकून होता. निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी चारही वह्या स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. "तू तिकडं जाऊनच राह्यली, तं ने. छापनारे तिकडंच असतेत. कोणाले दाखवून पाह्य." आणि मग, दाराच्या कडीशी चाळा करत, "कव्हरावर नाव छापतेत ना? आतमंधी नाही, कव्हरावर?"

"कव्हरावरच, बाई."

"इंदुमती मोहरील. जरा लंबं होते. बसन ना?"

पुण्यात सासरी पहिल्याच सकाळी मी सासूबाईंना विचारलं, "चहा तुमाले आता देऊ का मंग?" नणंद फस्सकन हसली. त्यात दुष्टावा नव्हता. पण मग 'मले, तुले' ही त्या घरातली एक गंमतच होऊन बसली. पाहुणे आले की मला काहीतरी बोलायला लावत. सहा महिन्यांत मी माझी जीभ पुरती बदलून टाकली. इतकी, की माहेरी गेले तर आई म्हणाली, "काऊन व, पाव्हण्यावानी बोलून राह्यली?"

वह्या घेऊन मी एका प्रकाशकांकडे गेले. वयस्क, सज्जन गृहस्थ. त्यांनी पहिली वही ठेवून घेतली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. "कल्पना विलक्षण आहे," ते म्हणाले. "मराठीत असं कोणी लिहिलेलं नाही, आणि एका बाईनं तर नाहीच नाही. पण ही भाषा? परग्रहावर वऱ्हाडी? वाचक पहिल्या पानावर हसतील हो."

वाचक हसतील, हे मला पटवून द्यावं लागलं नाही. मी नुकतीच त्या हसण्यातून बाहेर पडले होते. मी म्हणाले, "मी शुद्ध करून देते."

बाईंना विचारायला हवं होतं. पत्र लिहायला घेतलंही होतं. पण विचारलं तर त्या नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं, म्हणून ते टाकलं नाही. आठ महिने रोज दुपारी मी फुलस्केप कागदावर ती कादंबरी उतरवून काढत होते. 'मले' चं 'मला' केलं, 'काऊन' चं 'का'. मग एवढ्यानं भागेना, वाक्यं फिरवावी लागली. चूल-भाकरीची दोन प्रकरणं लांबतात असं वाटून मी ती एका पानात आटोपली. मी मराठीची शिक्षिका. काम नीटच केलं. प्रकाशक खूश झाले. पुस्तक निघणार असं ठरलं, आणि पहिल्या सोळा पानांची मुद्रितं त्यांनी बाईंकडे मेहकरला पाठवली.

आठवड्यानं बाईंचं पोस्टकार्ड आलं. 'चि. शालिनीस आशीर्वाद. पानं पोचली. चांगलं पुस्तक आहे. पण हे मी लिहिलेलं नाही. ज्यानं लिहिलं त्याचं नाव घालावं. तुझी तब्येत सांभाळ.'

मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले. मेहकरला पोचेपर्यंत दिवस कलायला आला होता. बाईंनी दार उघडलं, हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा केला. मुद्रितं टेबलावर होती, त्यावर भिंग ठेवलेलं. माझा चहा संपला. मग एक पान उचलून त्यांनी वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, स्वच्छ पुणेरी उच्चारात. "'गिरजेला एकाकीपणा जाणवत नसे, तिला त्याची सवय झाली होती.'" त्यांनी पान खाली ठेवलं. "ही बाई कोण व? हिच्या घरी तं नळ हाये."

"बाई, भाषा तेवढी बदलली. गोष्ट तीच आहे."

"असं बोलनारी बाई तळ्यावर पाणी मोजाले कायले थांबन? ती पहिल्या यानात बसून गेली असती."

मी खूप बोलले. लोक हसले असते, हे बोलले. असंच ठेवलं तर कोणी छापणार नाही, हेही बोलले. "मग चार वह्या ट्रंकेत राहतील, बाई. कोणी वाचणार नाही. तुम्हाला ते चालेल का?"

 त्यांनी मुद्रितांचं पहिलं पान पुढं ओढलं. त्यावर त्यांचं नाव छापलेलं होतं, मोठ्या टायपात, एका ओळीत नीट बसलेलं. नावावरून त्यांनी बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, होकार देतील. त्यांना हवं होतं ते. मी तीन वर्षं त्यांच्या घरात राहिले होते, मला कळत होतं त्यांना किती हवं होतं.

"सकाळी सांगतो," त्या म्हणाल्या.

सकाळी त्या मला स्टँडवर सोडायला आल्या. गाडी लागली, मी खिडकीशी बसले, तेव्हा त्यांनी मुद्रितांची गुंडाळी खिडकीतून आत दिली. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचाच. "नको," त्या म्हणाल्या. "तुह्या मनात वाईट नव्हतं, ते मले समजते. पण नको. वह्या तेवढ्या धाडून दे."

मी वह्या रजिस्टर टपालानं पाठवल्या. पोचल्याचं कार्ड आलं. प्रकाशकांनी दोनदा पत्र लिहून पाहिलं, मग तेही थांबले.

पुढं दिवाळीला एक पत्र माझं, एक त्यांचं, असं काही वर्षं चाललं. मला मुलं झाली. बाई निवृत्त झाल्या, त्याच दोन खोल्यांत राहिल्या. एकदा चिखलीला चुलतभावाच्या लग्नाला गेले होते, तिथून मेहकरला जाऊन आले. बाई ओट्यावर बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेले. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले तरी ओळख पटली नाही. आवाज ऐकल्यावर म्हणाल्या, "शालिनी? ये. पुन्यावून आली?"

घरात ज्वारीचं पीठ दळून आणलेलं होतं, पण चूल सकाळपासून पेटलेली दिसत नव्हती. मी भाकरी केल्या. त्यांनी चाचपडत चतकोर खाल्ली. दुसरं पुस्तक डोक्यात आहे, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. गिरजाची मुलगी म्हातारी होते आणि एकटी तळ्याकडे परत जायला निघते, ते. चार प्रकरणं पुरी तयार आहेत, पण आता अक्षर दिसत नाही.

मी खाली वाकून म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी इथं महिनाभर राहते. घरी कळवते."

त्यांनी माझा हात हातात घेतला, थोपटला.

"नको, पोरी," त्या म्हणाल्या. "तू नीट लिहशीन."

त्या उपहासानं बोलल्या नाहीत, हे मला आजही लख्ख आठवतं. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काळजी होती. मी संध्याकाळच्या गाडीनं परत फिरले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. शेजाऱ्यांनी कळवलं तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. अग्नी भाच्यानं दिला. नागपूरला तार केली होती, तिकडून कोणी आलं नाही. मी भाच्याला पत्र लिहून वह्यांबद्दल विचारलं. त्याचं उत्तर सभ्य होतं. ट्रंकेत शास्त्र विषयाच्या जुन्या वह्या निघाल्या, बरीचशी पानं कोरी होती, म्हणून गल्लीतल्या मुलांना गणितं करायला वाटून टाकल्या. दुसरं काही लिखाण सापडलं नाही.

म्हणजे बाईंच्या कादंबरीचं जगात जे काही उरलं, ते प्रकाशकांनी परत केलेले, माझ्याकडचे फुलस्केप कागद. शुद्ध, व्याकरणात बसणारे, माझ्या अक्षरातले. एका मराठी बाईनं, मेहकरसारख्या गावात, शाळेच्या वह्यांत इतकी मोठी कादंबरी लिहिली याला तेवढाच पुरावा, आणि तोही बाईंनी नाकारलेला.

मी ती कादंबरी उलट, वऱ्हाडीत फिरवून पाहिली आहे. एक-दोनदा नाही, पुष्कळदा. कागद समोर घेऊन बसते आणि 'मला' चं 'मले' करते. तेवढं जमतं. पुढचं जमत नाही. गिरजेला एकाकीपणा जाणवत नसे, या वाक्याच्या जागी बाईंनी काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही. रविवारच्या दुपारी भिंतीला टेकून मी ते ऐकलं होतं, इतकंच आठवतं. अमडापूरला आता आई नाही. हे कसं म्हणायचं असतं, ते विचारायला माझ्या घरात कोणी नाही. मुलांना माझी ती बोली ठाऊकच नाही.

तरी शेवटच्या प्रकरणातल्या चार-पाच ओळी बाईंच्याच शब्दांत माझ्याजवळ राहिल्या आहेत. त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवल्या त्या. लिहून झाल्यावर त्या आधी मनाशी आणि मग मोठ्यानं पुनःपुन्हा वाचत राहिल्या, म्हणून माझ्या कानात बसल्या. गिरजा पृथ्वीला उत्तर पाठवते आहे. त्यात एक काना-मात्रा न बदलता इथं लिहिते:

'तुमची चिठ्ठी भेटली. पाणी कसं हाय म्हून तुमी इचारलं. तुमी इचारलं तवा माहे केस काळे होते. पाणी आज बोटभर गोड हाय. कोणी येऊन राह्यलं असन, तं या.'